पाच एमबीत किती पानं?

शनिवार पेठेतल्या त्या ऑफिसात मी पहिला प्रश्न विचारला आणि टेबलामागचे गृहस्थ हसले. प्रश्न साधा होता. पाच एमबी म्हणजे किती पानं?

"बाई, हे पुस्तक नाही," ते म्हणाले. "वेबसाइट आहे. इथे पानं मोजत नाहीत."

मी डीटीपी करणारी बाई. लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, सोसायट्यांचे अहवाल, जे येईल ते बिबवेवाडीतल्या घरी बसून टाइप करून देत असे. आमच्या धंद्यात सगळं पानांवर चालतं. किती पानं, केवढी, कधी हवीत. ज्या वस्तूची पानं मोजता येत नाहीत ती विकत कशी घ्यायची, हे मला खरोखरच कळत नव्हतं. आणि न कळलेलं विचारायची मला कधी लाज वाटलेली नाही. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने.

"साधा मजकूर असेल तर एक जाडजूड कादंबरी बसेल," ते म्हणाले. "झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. तिथेच माझी चूक झाली, पण ती मला कळायला पुढे काही दिवस जायचे होते.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. पुण्यातल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी कॉम्प्युटरमध्ये होतं आणि जे नव्हतं त्याच्याकडे लोक कीव केल्यासारखं बघत. या गृहस्थांचा धंदा वेबसाइटला जागा भाड्याने देण्याचा. त्याला होस्टिंग म्हणतात, हे मी आदल्याच आठवड्यात शिकले होते. आपली साइट कुठल्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायची, तो रात्रंदिवस चालू राहणार, आणि जगात कुणीही कुठूनही ती उघडून बघणार. त्या जागेच्या तीन योजना त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घातलेल्या एका कागदावर छापल्या होत्या. पाच एमबी, पंचवीस आणि शंभर. कागद अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत होता.

"साइट कसली आहे?" त्यांनी विचारलं.

"ज्यांच्या मुलांना ऐकू येत नाही त्या आयांसाठी."

"इंग्रजीत ना?"

"मराठीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आपण कुठल्या?"

"वऱ्हाडातली."

"तरीच," ते म्हणाले. या एका शब्दात पुण्यातला माणूस किती काय बसवू शकतो हे बाहेरून आलेल्यालाच कळतं. "मग तुम्हाला माहीतच असेल. तिकडच्या बायका इंटरनेट बघतात?"

"बघण्यासारखं काही ठेवलं तर बघतील," मी म्हटलं.

हे सगळं ज्या कारणासाठी चाललं होतं ते कारण तेव्हा साडेपाच वर्षांचं होतं आणि बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसलं होतं. माझी मुलगी. ती दोन वर्षांची असताना कळलं की तिला फार कमी ऐकू येतं. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही पुण्यात आलो होतो, आणि पुण्यात असल्याचा फायदा एवढाच, की कळलं. कानामागे मशीन बसलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई मिळाल्या, पण आठवड्यातून एकदाच. उरलेले सहा दिवस मीच. बाईंनी दाखवलेलं घरी करून बघायचं, काय जमलं आणि काय नाही ते वहीत लिहायचं, पुढच्या आठवड्यात वही पुढे करायची. या विषयावरची पुस्तकं मी शोधली. ती इंग्रजीत होती. मराठीत जे एक पत्रक मिळालं त्यात पालकांनी संयम बाळगावा असं लिहिलं होतं. मी ते पत्रक फाडून टाकलं.

अडीच वर्षांत वहीचे चाळीस धडे झाले. मी वऱ्हाडातल्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की माझ्याकडे असं असं आहे, कुणाला हवं असेल तर पाठवते. चार-सहा पत्रं येतील असं वाटलं होतं. चाळीसेक आली. अंतर्देशीय पत्रं, कडेकडेने लिहिलेली, काही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. मी धड्यांच्या झेरॉक्स काढून पाठवायला लागले. मग एकीनं कळवलं की पाकीट भिजून आलं आणि अर्धे कागद चिकटले. त्याहून वाईट म्हणजे, अकरावा धडा मी चुकीचा लिहिला होता हे मला सहा महिन्यांनी उमगलं. पोस्टानं गेलेला कागद परत कसा बोलावणार? साइटवर मात्र आज दुरुस्त केलं की आज सगळ्यांकडे दुरुस्त होतं. तालुक्याच्या गावांत तेव्हा सायबर कॅफे निघाले होते. बाजाराच्या दिवशी बाया तालुक्याला येतातच. मला एवढं पुरेसं होतं.

माझे धाकटे दीर वारज्याला राहायचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. त्यांनी आधी फुकटचा मार्ग सुचवला होता. "वहिनी, पैसे कशाला घालताय? फ्री स्पेस मिळते की." त्यांनी लगेच करूनही दाखवलं. माझ्या साइटच्या नावावर एक आडवा पट्टा लखलखत होता, इंग्रजीत. तुम्ही बक्षीस जिंकला आहात, इथे दाबा.

"हा काढा," मी म्हटलं.

"तो निघत नाही. फुकट आहे ना, जाहिरात राहणारच. लोक दुर्लक्ष करतात हो."

तुमचे लोक करत असतील. जी बाई आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसणार आहे, मुलाच्या काळजीनं आधीच अर्धी झालेली आहे, ती आधी त्या लखलखणाऱ्या पट्ट्यावरच दाबणार. आणि तो पट्टा म्हणजे मुलाला ऐकू येण्याचं काही असेल, असं तिला वाटलं तर? मला त्या कल्पनेनंच संताप आला. मी भाऊजींना सांगितलं की जागा विकतचीच घ्यायची. म्हणून शनिवार पेठ.

अर्जावर मालकाच्या नावाचा रकाना होता. गृहस्थांनी विचारलं, "मिस्टरांचं नाव सांगा."

"मालक मी आहे."

"तेच विचारतोय, नाव कुणाचं घालू?"

"मालकाचं घाला," मी म्हटलं. त्यांनी माझं नाव घातलं. पाच एमबीची योजना, एक वर्ष. एक जाडजूड कादंबरी बसणार होती आणि माझे तर चाळीसच धडे होते.

साइट मी स्वतः बनवली. भाऊजींनी दोन रविवार शिकवलं, पुढचं चुकत माकत जमलं. धडे माझ्या कॉम्प्युटरवर टाइप केलेले होतेच. प्रत्येक धड्याला तोंडाचा फोटो, ओठ कसे ठेवायचे ते दाखवणारा. तोंड माझं, काही ठिकाणी मुलीचं. सोमवारी सकाळी सगळं वर चढवलं, मोडेमची कुरकूर ऐकत. मग माझ्याच कॉम्प्युटरवर साइट उघडली. आली! पानामागून पान, स्वच्छ मराठी, जणू मी छापून आणलं होतं. मी खुर्चीत बसून रडले, सांगायला हरकत नाही. दुपारी पोस्टात जाऊन चाळीस पोस्टकार्डं टाकली. साइटचा पत्ता मोठ्या अक्षरांत, खाली माझा फोन नंबर आणि एक ओळ: तालुक्याला गेलात की कॉम्प्युटरच्या दुकानात हा पत्ता दाखवा, रविवारपर्यंत नक्की बघा.

मंगळवारी मुलीला घेऊन वारज्याला गेले, भाऊजींना दाखवायला. त्यांची सुटी होती. त्यांनी पत्ता टाकला. मुलीचा फोटो आला, ती ओरडली, "मी!" फोटोच्या खाली मात्र मराठीचा मागमूस नव्हता. डोक्यावर टिंबं घेतलेली कसली तरी परकी अक्षरं, पौंडाच्या खुणा, उलटे स्वल्पविराम, अर्धे कंस. सगळी पानं तशीच.

भाऊजींना एका क्षणात कळलं. "वहिनी, तुमचा फॉन्ट फक्त तुमच्या मशीनवर आहे. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर हे असंच दिसणार."

ही चूक डीटीपीवालीच करू शकते. आम्ही आमच्या फॉन्टमध्ये टाइप करतो, आमच्याच पडद्यावर तपासतो, आमच्याच प्रिंटरवर छापतो आणि कागद हातात देतो. कागदाबरोबर अक्षरं जातातच. अक्षरं मागे घरी राहतील आणि कागद तेवढा पुढे जाईल, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. दहा वर्षांचा अनुभव होता, त्यानंच मला बुडवलं.

मुलगी खुर्चीवर चढून पडद्यावर बोट फिरवत होती. तिला नुकताच 'क' यायला लागला होता, वाचायला आणि घशातून काढायलाही. ती ओळीमागून ओळ 'क' शोधत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नाही."

चाळीस पोस्टकार्डं वाटेत होती. गुरुवार-शुक्रवारपर्यंत पोचणार, रविवारी बऱ्याच तालुक्यांत बाजार. कुणी एसटीनं येणार, कुणी मुलाला कडेवर घेऊन. कॉम्प्युटरवाल्याला पैसे देणार आणि समोर हे येणार. ती बाई काय समजेल? तिला वाटेल, आपल्यालाच वाचता येत नाही. आजवर तिला प्रत्येक ठिकाणी हेच सांगितलं गेलं होतं, आता माझ्याकडूनही तेच.

"रोमनमध्ये करून टाका," भाऊजी म्हणाले. ते मनापासून मदत करत होते. "मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एका दिवसात होईल, पाच एमबीत आरामात बसेल."

"ज्या बाईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत तिनं काय करायचं?"

"मग एकच उपाय. प्रत्येक पानाचं चित्र करायचं. फोटोसारखं. चित्रातली अक्षरं कुठेही जशीच्या तशी दिसतात. पण चित्रं जागा खातात, वहिनी. पाचात मावणार नाही. पंचवीसची योजना घ्यावी लागेल."

बुधवारी सकाळी दहाला मी शनिवार पेठेत हजर. गृहस्थ कुलूपच उघडत होते. त्यांना सांगितलं, मला पंचवीसची योजना हवी, वरचे पैसे आणले आहेत.

"योजना वर्षभर बदलता येत नाही," ते म्हणाले. "नियम आहे."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"कागदावर लिहिलंय. सगळ्यात खाली."

"कुठल्या भाषेत?"

त्यांनी कुलपाची किल्ली खणात टाकली. मग म्हणाले, "हे बघा, धंदा असा चालत नाही. मी ज्या मोठ्या कंपनीकडून जागा घेतो तिला वर्षाचा हिशेब आधीच कळवलेला असतो. आणि मुळात तुम्ही ते इंग्रजीत केलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. मी सांगितलं होतं."

"तुमच्या दारावर पाटी आहे," मी म्हटलं. "चपला बाहेर काढाव्यात, नुसत्या चौकशीसाठी वेळ घेऊ नये. ती मराठीत का लिहिलीत?"

"येणारे मराठी असतात म्हणून."

"माझ्याकडे येणाऱ्यासुद्धा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही उठायच्या बेतात नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. चपला बाहेर होत्या, चौकशी नुसती नव्हती, त्यामुळे मला घालवण्यासारखं पाटीवर काही उरलं नव्हतं. मी तो प्लॅस्टिकमधला कागद उचलला.

"हा कागद बघून किती गिऱ्हाइकं परत जातात?" मी विचारलं. "कागद हातात घेतात, मान हलवतात, विचार करून सांगतो म्हणतात आणि पुन्हा येत नाहीत. अशी किती?"

"असतात तशीही," ते म्हणाले.

"तशीच जास्त असतील. त्यांना कळलेलं नसतं, आणि तुम्ही हसाल म्हणून ती विचारत नाहीत. मी विचारलं, तेव्हा तुम्ही हसलातच. हा कागद मी मराठीत करून देते. टाइप करून, सजवून, छापायला तयार. एमबी म्हणजे काय, किती पानं बसतात, चित्रं किती, साधी अक्षरं किती, आणि वर्षभर बदलता येत नाही हेही, वर, मोठ्या टाइपात. त्याचे पैसे नकोत. तुम्ही मला पंचवीस द्या."

बराच वेळ ते कागद उलटसुलट करत राहिले. "तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं रोज आली तर मी हे ऑफिस बंद करीन," शेवटी ते म्हणाले.

"आणि एकही आलं नाही तर?"

त्यांनी फोन उचलला आणि त्या मोठ्या कंपनीशी बोलले. चांगल्या गोड शब्दांत बोलले, माझ्याशी बोलताना कधी काढला नव्हता असा आवाज काढून. मग फोन ठेवून म्हणाले, "दुपारपर्यंत जागा वाढेल. कागद कधी देताय?"

"सोमवारी. रविवारपर्यंत मला वेळ नाही."

बुधवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत मी पानांची चित्रं केली. चाळीस धड्यांची एकशे ऐंशीच्या वर पानं निघाली. एका लग्नपत्रिकेचं काम परत पाठवलं, मुलाच्या वडलांनी फोनवर चार शब्द ऐकवले, मी ऐकून घेतले. नवरा पाळीवरून येऊन भात लावत होता. चित्र फार मोठं केलं तर तालुक्याच्या लाइनवर ते उघडेपर्यंत बाईची एसटी निघून जाणार, फार लहान केलं तर काना-मात्रा पुसट होणार. प्रत्येक पानाला ते जमवत बसायचं. हे काम मात्र माझंच होतं. अक्षर कुठवर बारीक केलं तर वाचता येतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शनिवारी पाच वाजता भाऊजींचा वारज्याहून फोन आला. "वहिनी, दिसतंय. सगळं दिसतंय." मग म्हणाले, "चौथा धडा मी वाचला. मला हे काही माहीतच नव्हतं हो." पुतणीबद्दल म्हणत होते ते. त्यांच्या आवाजावरून मला कळलं.

रविवारी मी सकाळपासून फोनपाशी बसले. कुणाचाच आला नाही. बारा वाजले, एक वाजला. मुलगी शेजारी जमिनीवर चित्रं काढत होती. मी मनातल्या मनात शनिवार पेठेतल्या गृहस्थांशी भांडत होते, की थांबा, बाजार दुपारपर्यंत असतो. अडीचच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे एसटीडी बूथचा गलका.

"ताई, तुमीच काय? त्या कॉम्प्युटरवरच्या?"

"हो, मीच."

"आताच पाहून आली. पोरगं संगंच हाये. दुकानवाला मले म्हणे, इंग्रजी येते का? म्या म्हटलं, नाई येत. तं म्हणे, मंग काय पाह्यता, पैसे वाया जातीन. म्या म्हटलं, तू लाव तं खरं!"

"मग? लागलं?"

"लागलं ना. म्या त्याच्यासमोर घडाघडा वाचलं. तो उभाच रायला."

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, पयल्या धड्यात लिवलं हाये, का लेकराच्या मांगून ताट वाजवून पाहू नका. समोर बसा, त्याले तुमचं तोंड दिसू द्या. म्या दोन वर्सं ताटच वाजवून रायली होती. रोज. आज तरी आयकीन, आज तरी आयकीन. तो मांगं वळूनच पाहे नाई, मंग मले राग ये. माराची बी कधी कधी." मग तिनं विचारलं, "तुमाले कसं मालूम, बाया ताट वाजवतात ते?"

धडा मी तिऱ्हाइतासारखा लिहिला होता. असं करू नका, एवढंच. कुणी केलं ते लिहायचं धाडस मला झालं नव्हतं.

"म्या बी वाजवलं, बाई," मी म्हटलं. पुण्यात आल्यापासून ही बोली मी घराबाहेर काढली नव्हती, आता ती आपोआप आली. "वरीसभर वाजवलं."

मुलीनं माझा चेहरा बघून खडू टाकला, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि कुणाचा फोन, कोण रडवतंय, असं मोठ्यानं विचारायला लागली. तिला माझं उत्तर हवं होतं आणि मी देत नव्हते, म्हणून ती चिडली होती.

"कोन बोलून रायलं थे?" बाईनं विचारलं.

"माही पोरगी."

"थेच? तिले आयकू येत नाई तेच?"

"थेच."

"बोलते?"

"बोलते," मी म्हटलं. "आन् भांडते बी."

"मंग माह्या लेकराले बी भांडाले शिकवीन," ती म्हणाली, आणि दुसरा धडा वाचायला परत दुकानात गेली.